ईबर्ड रिव्ह्यू : पक्षी 'कॉमन' की 'रेअर' हे नक्की ठरतं कसं ते बघायचं असेल तर हेच घ्या

पक्षी बघणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपवर नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं ॲप घेऊ, आणि उत्तरही ठरलेलं, मर्लिन. मर्लिन चांगलंच आहे, आवाजावरून ओळखून देतं, फोटोवरून नावं सुचवतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला लिहायचंय ते ईबर्डबद्दल, म्हणजे लोकांनी आपापल्या पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ॲप आणि वेबसाइटबद्दल, ज्याच्या नोंदींच्या जोरावर मर्लिन तुम्हाला "तुमच्या भागात आत्ता हे दिसू शकतं" असं सांगू शकतं. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि ऑडुबॉन सोसायटीनं २००२ मध्ये हे सुरू केलं, आपल्याकडे बर्ड काउंट इंडियाची मंडळी त्याचं भारतातलं काम बघतात. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, आणि आधी त्या भागाचा पॅक डाउनलोड करून ठेवला तर मेळघाटात रेंज गेली तरी लिस्ट, म्हणजे एका फेरीतल्या पक्ष्यांची यादी, लिहिता येते.

बहुतेक जण ईबर्ड वापरतात ते लाइफ लिस्टसाठी, म्हणजे आपले आजवर किती झाले, जिल्ह्यात कितवा नंबर, आणि कुणाला काय दिसलंय ते बघून रविवारी तिकडे गाडी काढायची. करा की, मीही करतो. पण या सगळ्याच्या खाली जी गोष्ट आहे ती फार कमी जण उघडून बघतात आणि माझ्या मते सगळा जीव तिथंच आहे. वेबसाइटवर एक्सप्लोरमध्ये जायचं, आपला जिल्हा किंवा एखादा हॉटस्पॉट, म्हणजे सगळे जिथल्या नोंदी टाकतात अशी ठरलेली जागा, निवडायचा आणि बार चार्ट उघडायचा. एका महिन्याचे चार असे वर्षाचे ४८ भाग केलेले असतात आणि प्रत्येक पक्ष्यासमोर हिरवी पट्टी, कुठं जाड, कुठं दोऱ्याएवढी, कुठं नाहीच.

आता ही पट्टी किती पक्षी आहेत ते सांगत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात. त्या आठवड्यात त्या जागेवरून जेवढ्या पूर्ण लिस्ट (पूर्ण म्हणजे काय ते पुढे सांगतो) आल्या त्यातल्या किती टक्के लिस्टमध्ये तो पक्षी होता, एवढंच ती सांगते. याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. पट्टीशेजारच्या पक्ष्याच्या नावावर क्लिक केलं की ग्राफ उघडतो आणि तिथं फ्रिक्वेन्सीच्या बाजूला ॲबंडन्स आणि ॲव्हरेज काउंट असे दुसरे टॅब आहेत, आणि या तिन्हीतला फरक कळला की पक्षी बघायची नजरच बदलते, अगदी मनापासून सांगतोय.

समजा एका तळ्यावरून शंभर लिस्ट आल्या. भारद्वाज त्यातल्या ४० लिस्टमध्ये आहे, कधी एक कधी दोन, सगळे मिळून ६०. भोरडी फक्त ५ लिस्टमध्ये आहेत पण दर वेळी हजाराचा थवा. मग भारद्वाजाची फ्रिक्वेन्सी ४० टक्के, भोरडीची ५. ॲव्हरेज काउंट म्हणजे दिसला तेव्हा सरासरी किती, तो भारद्वाजाचा दीड आणि भोरडीचा हजार. आणि ॲबंडन्स म्हणजे न दिसलेल्या लिस्टचे शून्यही धरून सरासरी, ती भारद्वाजाची ०.६ आणि भोरडीची ५०. आता सांगा यातला कॉमन कोण? उद्या सकाळी तळ्यावर गेलात तर काय भेटेल असं विचाराल तर भारद्वाज. पक्षी संख्येनं जास्त कुठले असं विचाराल तर भोरडी. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत, आणि ग्रुपवर "कॉमन आहे हो तो", "छे, कुठं दिसतो हल्ली" अशी जी भांडणं चालतात त्यातली बरीचशी या एका कारणानं चालतात.

हे सगळं ज्या खिळ्यावर टांगलंय तो खिळा म्हणजे लिस्ट पाठवताना शेवटी विचारलेला तो साधा प्रश्न, की तुम्हाला दिसलेले-ऐकू आलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना. हो म्हटलं की ती पूर्ण लिस्ट. मग त्यात नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो, तो तिथं नव्हता किंवा निदान सापडला नाही. फक्त स्वर्गीय नर्तक दिसला म्हणून तेवढाच टाकला तर ती नोंद नकाशावर ठिपका म्हणून ठीक, पण टक्केवारी काढायला तिचा उपयोग शून्य, कारण छेदात काय धरायचं? म्हणून कावळा, साळुंकी, पारवा, घार लिहायचा कंटाळा करू नका. आकडा नक्की नसेल तर अंदाज टाका, आकड्याच्या जागी एक्स टाकला की ॲप पक्षी होता एवढंच धरतं आणि तुमचा ॲबंडन्स गेला.

आता कोकीळ बघा. पुणे जिल्ह्याचा किंवा कुठलाही आपल्याकडचा चार्ट काढा, हिवाळ्यात पट्टी बारीक आणि मार्च-एप्रिलपासून जाडजूड. नवीन माणसाला वाटेल हा उन्हाळी पाहुणा आहे. पण कोकीळ बारा महिने इथंच असतो, हिवाळ्यात गप्प असतो एवढंच, दाट झाडात बसलेला काळा पक्षी आवाज न करता कोण शोधणार. पावश्याचंही तेच, "पेरते व्हा" सुरू झालं की प्रत्येक लिस्टमध्ये पावशा आणि गप्प झाला की जणू जिल्हा सोडून गेला. म्हणजे पट्टीत पक्षी किती आहेत हे आणि ते किती सापडतात हे दोन्ही मिसळलेलं असतं. रातवा बघा, माळरानाच्या कडेला चांगला असतो, पण आपण लिस्ट करतो सकाळी सात ते दहा, मग तो चार्टमध्ये दुर्मिळ दिसणारच. छोटे वटवटे तर अर्ध्या लोकांना ओळखताच येत नाहीत त्यामुळे तिथं पक्ष्यापेक्षा ओळखणाऱ्यांची टंचाई मोजली जाते. ॲपवर हे कुठं ठळक लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गंमत स्वतः करून बघा. तुमच्या नेहमीच्या जागेची जिल्ह्याएवढी नाही, साधी तलाव-टेकडीएवढीच यादी घ्या आणि पक्षी जास्तीत जास्त लिस्टमध्ये आलेल्यापासून कमीत कमीपर्यंत लावा. वर पाच-दहा जण प्रत्येक लिस्टमध्ये हजर, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, कोतवाल, वेडा राघू वगैरे, मग ग्राफ धाडकन खाली येतो आणि पुढे लांबच लांब शेपूट, एकदाच दिसलेले, दोनदाच दिसलेले. गावातल्या आडनावांसारखं आहे हे, दोन-चार आडनावांत निम्मं गाव आणि बाकी कितीतरी आडनावांचं एकेकच घर. आमच्या इथल्या पाझर तलावावर असंच आहे, भिगवणला असंच आहे, आणि जगात जिथं जिथं कुणी मोजलंय तिथं साधारण असंच निघालंय. हा आकार तुमच्या जागेतला किंवा तुमच्यातला दोष नाही, निसर्गातच थोड्या जाती खूप कॉमन आणि पुष्कळ जाती दुर्मिळ अशी मांडणी असते.

यावर लोकांनी डोकं बरंच आधी घातलंय. कॉर्बेट नावाचा ब्रिटिश कीटकतज्ज्ञ (जिम कॉर्बेट नव्हे, हा वेगळा) मलायात फुलपाखरं गोळा करायचा, त्याच्याकडे एकेकच नमुना मिळालेल्या ११८ जाती होत्या, दोन-दोन मिळालेल्या ७४, तीन-तीनच्या ४४, चार-चारच्या २४. त्याला प्रश्न पडला की अजून काही वर्षं पकडत राहिलो तर नवीन जाती किती मिळतील, आणि तो गेला रोनाल्ड फिशरकडे, म्हणजे संख्याशास्त्रातला केवढा मोठा माणूस. १९४३ साली त्यांचं उत्तर छापून आलं. पुढे १९४८ मध्ये फ्रँक प्रेस्टननं, जो खरं तर काचेवर काम करणारा इंजिनिअर होता, वेगळी युक्ती काढली आणि त्यासाठी पक्ष्यांचे आकडेही वापरले. त्यानं जातींचे गट दुपटीनं पाडले, १-२ पक्षी असलेल्या जाती एका गटात, २-४ पुढच्या, मग ४-८, ८-१६ असं. असं केलं की तो भयंकर तिरका ग्राफ घंटेच्या आकाराचा होतो. फक्त घंटेची डावी बाजू, म्हणजे अगदी दुर्मिळ जाती, पूर्ण दिसत नाही, जणू पडद्याआड असते, कारण तेवढं मोजलेलंच नसतं. जितकं जास्त मोजाल तितका पडदा डावीकडे सरकतो आणि नवनव्या जाती बाहेर येतात.

म्हणूनच एखाद्या हॉटस्पॉटचा जातींचा आकडा वाढत राहतो म्हणजे तिथं पक्षी वाढले असं नसतं. पंधराशे लिस्टच्या हॉटस्पॉटची आणि चाळीस लिस्टच्या तळ्याची जातींच्या आकड्यावर तुलना करून "आपल्या तळ्यात काही दम नाही" म्हणणं हा त्या तळ्यावर सरळ अन्याय आहे. चाळीस विरुद्ध चाळीस करा, मग बोला. आणि न दिसलेल्या किती असतील याचा अंदाज घरी वहीवर काढता येतो, तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये सुचवलेली पद्धत आहे, अगदी सोपी. किती जाती फक्त एकाच लिस्टमध्ये आल्या ते मोजा, किती बरोबर दोन लिस्टमध्ये आल्या ते मोजा. पहिल्याचा वर्ग करायचा आणि दुसऱ्याच्या दुपटीनं भागायचं. समजा १४ जाती एकेकदा आणि ७ जाती दोनदोनदा, तर १९६ भागिले १४ म्हणजे अजून निदान १४ जाती तिथं असाव्यात ज्या तुमच्या लिस्टमध्ये आल्याच नाहीत. निदान म्हणतोय, जास्त असू शकतात. आमच्या तलावाचं हे करून बघितल्यापासून मला एकेकदा दिसलेल्या पक्ष्यांची यादी सगळ्यात आवडीची झालीय, कारण न दिसलेल्यांचा हिशेब तिच्यातूनच लागतो.

आता लाल ठिपका. लिस्ट लिहिताना पक्ष्याच्या नावापुढे लाल ठिपका आला की लोकांचे हात थरथरतात, स्क्रीनशॉट ग्रुपवर. तो ठिपका म्हणजे "या भागात या तारखेला हे नेहमीचं नाही" एवढंच. हिवाळ्यात गल्लीबोळात शेपूट हलवत फिरणारा पांढरा धोबी जूनमध्ये टाकलात तर तो नेहमीचा नाहीच, मग पक्षी जगात कितीही असोत. एखाद्या पक्ष्याचा आकडा तिथल्या मर्यादेपेक्षा फार मोठा टाकलात तरी ॲप विचारतं. या मर्यादा त्या त्या भागातले जाणकार ठरवतात आणि संशयाची नोंद तेच लोक तपासतात, तेही विनामोबदला. त्यांचा ईमेल आला, फोटो किंवा वर्णन मागितलं, तर रागावू नका, शांतपणे द्या. आणि मर्लिननं आवाजावरून नाव दाखवलं म्हणून तसंच्या तसं लिस्टमध्ये टाकू नका, स्वतः बघा किंवा स्वतः ऐकून खात्री करा.

मुळात दुर्मिळ म्हणजे काय याचे तीन वेगळे प्रश्न आहेत हे डेबोरा रॅबिनोविट्झ या वनस्पती अभ्यासक बाईंनी १९८१ मध्ये फार छान मांडलंय. पसरलाय किती लांबवर, किती प्रकारच्या जागांत राहतो, आणि राहतो तिथं संख्येनं किती. तीन प्रश्न, हो-नाही, म्हणजे आठ खाने, त्यातला एक सगळ्या बाजूंनी कॉमन आणि उरलेले सात सात तऱ्हेचे दुर्मिळ. बहिरी ससाणा घ्या, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत आहे पण कुठंही विरळच. रोहित घ्या, ठाण्याच्या खाडीत हजारोंनी, पण अशा जागा किती? रान पिंगळा घ्या, मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलाचे थोडे तुकडे एवढाच त्याचा मुलूख, १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आणि माळढोक, त्याचं तर तिन्ही बाजूंनी संपत आलंय, सोलापूरच्या नान्नजला ज्यांनी तो बघितला ते लोक आज भाग्यवान म्हणायचे. या चौघांपुढे ॲपनं एकच लाल ठिपका लावला तर तो ठिपका फार थोडं सांगतो. ईबर्डकडे हे वेगळं दाखवण्याएवढी माहिती आहे, नकाशा, फ्रिक्वेन्सी, काउंट सगळं आहे, पण तीन ठिकाणी विखुरलेलं. एका पानावर आणलं तर शाळेतल्या मुलांनाही कळेल. एवढं करायला हवं होतं.

या नोंदींचं मोल किती ते बघायचं तर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ईबर्डचा डेटा वापरून जगातल्या जवळपास ९,७०० जातींचा अंदाज काढला. एकूण साधारण ५० अब्ज पक्षी. त्यात एक अब्जाच्या वर फक्त चार जाती, घरची चिमणी, युरोपातली स्टार्लिंग, अमेरिकेतला रिंग-बिल्ड गल आणि माळभिंगरी. आणि दुसऱ्या टोकाला ५,००० पेक्षा कमी पक्षी असलेल्या जाती १,१८०. अंदाजात चुकीला जागा मोठी आहे हे त्यांनीच सांगितलंय, पण आकार तोच बघा, तुमच्या तलावावरचा आणि पृथ्वीचा एकच.

आणि चिमणी आलीच आहे तर. "चिमण्या संपल्या" हे आपण किती वर्षं ऐकतोय. २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, पूर्ण लोकांच्या नोंदींवर, त्यात दिसलं की देशभराचा हिशेब केला तर चिमणी पंचवीस वर्षांत बऱ्यापैकी स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र कमी झालीय. हे कळलं कसं, तर गावोगावच्या कुणीतरी कंटाळा न करता लिस्टमध्ये चिमणी लिहिली म्हणून. २०२३ च्या अहवालात ९४२ जाती तपासल्या, १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं निघालं. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला त्यातल्या २०४ घटलेल्या. हे वाचून मला झोप लागली नव्हती. आणि उरलेल्या कितीतरी जातींबद्दल बोलताच येत नाही कारण तेवढ्या लिस्टच नाहीत, म्हणजे दुर्मिळ पक्ष्यांबद्दलच माहिती सगळ्यात कमी, जिथं सगळ्यात जास्त हवी तिथंच.

आता कमतरता सरळ सांगतो. पहिली, लिस्ट येतात कुठून? पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, शहराच्या जवळचे तलाव, रविवार, हिवाळा. मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांचा, धुळे-नंदुरबारच्या आतल्या भागाचा चार्ट उघडला तर फाटक्या गोधडीसारखा दिसतो. तिथं पट्टी नाही म्हणजे पक्षी नाही असं नाही, माणूस गेलेला नाही. दुसरी, मे महिन्याच्या एखाद्या आठवड्यात पाचच लिस्ट असतील आणि तीनमध्ये नवरंग असेल तर पट्टी ६० टक्क्यांची जाड दिसते, आणि डिसेंबरात दोनशेपैकी १२० लिस्टमध्ये असलेल्या दुसऱ्या एखाद्या पक्ष्याची पट्टीही तेवढीच जाड. दोन्हीवर सारखा विश्वास ठेवायचा का? लिस्ट किती होत्या हा आकडा चार्टवर समोर दिसत नाही, खालून हिस्टोग्राम डेटा डाउनलोड केला की सॅम्पल साइज म्हणून पहिल्या ओळींत मिळतो. तो समोरच हवा. तिसरी, एखादा भटका पाहुणा पक्षी आला की आठवडाभर कॅमेरे घेऊन गर्दी, पक्षी एकच पण लिस्ट पन्नास, आणि त्या हॉटस्पॉटच्या चार्टवर तो पक्षी अचानक कॉमन. एकत्र गेलात तर एकानंच लिस्ट करून बाकीच्यांना शेअर करा, मग ती एकच धरली जाते. चौथी म्हणजे मराठीतली मदत फार कमी, आणि गावाकडच्या ज्या गुराख्याला लावा-तित्तिर आपल्यापेक्षा चांगले ओळखता येतात त्याला हे ॲप अजून आपलं वाटत नाही. हे मला मनापासून खटकतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. लिस्ट लांबलचक करू नका, सिंहगड ते खडकवासला सगळं एकाच लिस्टमध्ये घातलं तर कुठला पक्षी कुठल्या जागेचा ते कळत नाही, जागा बदलली की नवी लिस्ट. पंधरा मिनिटांची लिस्टही उत्तम, फक्त पूर्ण पाहिजे. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, सुरुवात करायला झकास, गच्चीवरून करा. आणि एक जागा धरा, घराजवळची, साधी, फोटो मिळत नाहीत अशी, आणि तिथून उन्हाळ्यात-पावसाळ्यातही लिस्ट टाका. भिगवणला हिवाळ्यात अजून एक लिस्ट गेली तर चार्ट हलतसुद्धा नाही, तुमच्या गावच्या बंधाऱ्याची जूनमधली एक लिस्ट मात्र रिकाम्या रकान्यात बसते.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सॅम्पल साइज लपवल्याबद्दल आणि मराठीत पुरेशी मदत नसल्याबद्दल. हॉटस्पॉट कुठला निवडायचा, चार्ट कसा काढायचा, चाओचा हिशेब कसा करायचा यात कुणी अडलं तर खाली जिल्हा आणि तालुका लिहा, बीड, हिंगोली, परभणी, वाशीमवाल्यांनी तर नक्कीच लिहा, तुमच्याकडचे रकाने सगळ्यात रिकामे आहेत.